लेसर करू का?
(ज्येष्ठ मंडळींच्या मेळाव्यातील भाषण)

परवा सत्तरीच्या एका काकूंनी विचारलं, "मुलानं लेसर करून चष्मा घालवला. मीही करू का?" मी विचारलं, त्रास काय होतो? म्हणाल्या, "पोथी वाचता येत नाही, आणि रात्री समोरच्या गाड्यांचे दिवे पसरतात."

आता लेसिक बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा आकार बदलतं, आतल्या भिंगाला हातही लावत नाही. चाळिशी लागते ती भिंग कडक झाल्यामुळे. दिवे पसरतात ते आपल्या वयात पुष्कळदा मोतीबिंदूमुळे. म्हणून आधी तपासणी. मोतीबिंदू निघालाच तर ते भिंग काढून नवं बसवतात, आणि त्यातच दूरचा नंबरही बराच कमी होऊ शकतो. साध्या भिंगासह हा खर्च ओहिप देतं, लेसिकचा देत नाही. महागडं भिंग सुचवलं तर घरी येऊन विचार करा. जादा पैसे भरून नंबर पुढे घेण्याला ओंटारिओत कायद्यानंच बंदी आहे.

पासष्टीनंतर ओहिप दर 18 महिन्यांनी तपासणी देतं. मधुमेह, काचबिंदू असेल तर दर वर्षी. सुपर व्हिसावरच्या आईवडिलांना हे मिळत नाही, त्यांचा विमा आधी वाचा.

तरुणपणी लेसिक केलेल्यांनी जुने कागद जपावेत, नव्या भिंगाचा नंबर काढताना उपयोगी पडतात.

शस्त्रक्रियेच्या दिवशी स्वतः गाडी चालवता येत नाही. मुलं कामावर असतात, अशा आजी-आजोबांना नेण्या-आणण्यासाठी ट्रस्टला गाडीवाले स्वयंसेवक हवे आहेत. चपलांच्या कपाटाशेजारी वही ठेवली आहे; आरतीनंतर नाव आणि मोकळा वार लिहून जा.