स्वभाव की विकार?

(अंतःस्रावी ग्रंथींच्या रुग्णांची शुश्रूषा : नभोवाणीवरील भाषण)

माणसांच्या स्वभावाविषयीचे निकाल आपल्या घरांतून फार लवकर लागतात. सून आळशी आहे, मामंजी अलीकडे तापट झाले आहेत, मुलगी उगाच घाबरट आहे, असे आपण सहज बोलून जातो. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु रुग्णशुश्रूषेत आयुष्य घालविल्यावर मला असे वाटू लागले आहे, की यांपैकी काही निकाल रक्ताची तपासणी झाल्याखेरीज देऊ नयेत.

याचे कारण असे की, आपल्या शरीरात काही ग्रंथी अशा आहेत, की त्या आपला स्राव कोणत्याही नलिकेवाटे बाहेर न सोडता सरळ रक्तात मिसळतात. गळ्यातील अवटु ग्रंथी, मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी आणि स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी ही त्यांतील ठळक उदाहरणे होत. या स्रावांना संप्रेरके म्हणतात. त्यांचे प्रमाण अत्यल्प असते. पण ते बिघडले, की भूक, झोप, वजन आणि उत्साह यांबरोबर माणसाचा रागलोभही पालटतो. मोडलेला हात सर्वांना दिसतो. हा बिघाड मात्र स्वभावाचे सोंग घेऊन येतो.

हे मी पुस्तकात वाचले होते. शिकले मात्र एका रात्री, आणि तेही स्वतःच्या चुकीतून. मी तेव्हा नवखी परिचारिका होते. आमच्या कक्षात एक निवृत्त शिक्षक होते. अत्यंत सौम्य गृहस्थ, आम्हा मुलींनाही 'अहो' म्हणणारे. त्यांना इन्सुलिन चालू होते. त्या संध्याकाळी जेवण रुचले नाही म्हणून त्यांनी अर्धे ताट तसेच परत केले; मी ते पाहिले, पण कोठे नोंदविले नाही. रात्री दोनच्या सुमारास ते कक्षसेवकावर ओरडू लागले, पांघरूण फेकून दिले, मलाही वाटेल तसे बोलले. मला राग आला. "गुरुजी, इतर रोगी झोपले आहेत, आता गप्प पडून राहा," असे म्हणून मी वळले. तेवढ्यात आमच्या वडीलधाऱ्या सिस्टर आल्या. त्यांनी एक शब्दही न बोलता गुरुजींच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ घामाने चिंब आणि गार होते. रक्तातील साखर पाहिली, ती फारच उतरली होती. साखरपाणी पाजल्यावर थोड्याच वेळात गुरुजी भानावर आले आणि विचारू लागले, "अहो, मी काही वेडेवाकडे बोललो का?" सिस्टर मला एवढेच म्हणाल्या, "आधी घाम पाहा, मग स्वभाव ठरव." आणखी तासभर मी तशीच रुसून बसले असते, तर काय झाले असते, याचा विचार आजही नकोसा वाटतो.

म्हणून ज्या घरी इन्सुलिन घेणारा किंवा साखर उतरविणाऱ्या काही विशिष्ट गोळ्या घेणारा रुग्ण आहे, त्या घरातील प्रत्येकाने ही लक्षणे पाठ करावीत : दरदरून घाम, हातांना कंप, छातीत धडधड, एकाएकी भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणे. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल, किंवा यंत्र जवळ नसून नुसती शंका असेल, तरीही तीन ते चार चमचे ग्लुकोजची पूड अथवा साखर पाण्यात विरघळवून पाजावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. सुधारणा नसेल, तर पुन्हा तेवढीच द्यावी. बरे वाटल्यावर पोळी किंवा दूधभात असे काही खावयास द्यावे. पेढा-बर्फी या वेळी उपयोगाची नाही. तिच्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात सावकाश उतरते. आणि रुग्ण बेशुद्ध असेल, तर त्याच्या तोंडात काहीही घालू नये. त्याला कुशीवर वळवावे आणि तत्काळ रुग्णालय गाठावे.

आता थोडे इन्सुलिनविषयी. कॅनडातील टोरँटो येथे ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्सन या चौदा वर्षांच्या मुलास ते प्रथम टोचण्यात आले. पहिला अर्क अशुद्ध निघाला. बारा दिवसांनी अधिक शुद्ध अर्क दिला, तेव्हा गुण आला, आणि मरणाच्या दारी असलेला तो मुलगा पुढे तेरा वर्षे जगला. परंतु औषध सापडले तरी ते रोज मोजून टोचणार कोण आणि त्याला जेवणाची जोड घालणार कोण, हा प्रश्न उरलाच होता. अमेरिकेतील बोस्टनचे डॉक्टर इलियट जोस्लिन यांनी तो ओळखला, आणि घरोघर जाऊन रुग्णांना व त्यांच्या माणसांना शिकविणाऱ्या परिचारिका तयार केल्या. मधुमेहाच्या शुश्रूषेचे खरे स्थान घर हेच आहे, हे त्यांनी त्या काळी जाणले होते.

आपल्या घरी एक चूक वारंवार घडते. इन्सुलिनच्या कुप्या दोन तीव्रतेच्या मिळतात : एका मिलिलीटरमध्ये ४० एकके आणि १०० एकके. प्रत्येकीची पिचकारी निराळी. सामान्यतः ४० च्या पिचकारीचे टोपण तांबडे, तर १०० च्या पिचकारीचे नारिंगी असते. १०० ची कुपी आणि ४० ची पिचकारी अशी अदलाबदल झाली, तर मात्रा अडीचपट जाते. कुपी आणि पिचकारी या दोहोंवरचे आकडे प्रत्येक वेळी मोठ्याने वाचावेत. त्यात कमीपणा मानू नये. एकादशी, चतुर्थी किंवा नवरात्राचा उपवास धरावयाचा असेल, तर आधी वैद्यांशी बोलावे. उलट ताप आला, जेवण जात नाही, म्हणून इन्सुलिन आपल्या मनाने बंद करणे हेही तितकेच घातक. अशा दिवशी साखर वरचेवर पाहावी, पाणी पाजत राहावे आणि वैद्यांना कळवावे. उलट्या, खोल व जलद श्वास, श्वासाला पिकल्या फळासारखा वास, ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे.

मधुमेह्याच्या पायांची संवेदना हळूहळू बोथट होत जाते; टाचेत खिळा शिरला तरी कळत नाही. म्हणून रोज रात्री घरातील कोणी त्याचे तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या दिव्याच्या उजेडात पाहाव्यात. आंघोळीचे पाणी त्याच्या पायाने नव्हे, तर आपल्या कोपराने अजमावावे. शेकण्याची पिशवी पायाला लावू नये आणि अनवाणी चालू देऊ नये. आपल्याकडे वडील माणसांचे पाय धरण्याची चाल आहे. ते धरताना जरा निरखून पाहिले, तर एखादा पाय कापण्याची वेळ टळेल.

अवटु ग्रंथीचे रुग्ण दोन टोकांचे. ग्रंथी मंद झाली, तर बाई थकते, तिला थंडी सोसत नाही, वजन वाढते, मन उदास होते. घर तिला आळशी म्हणते. ग्रंथी अतितीव्र झाली, तर उकाडा असह्य होतो, हात कापतात, खाऊनही अंग झडते. घर तिला चिडखोर म्हणते. पहिलीला रोजची गोळी पहाटे उपाशीपोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी मिळाली पाहिजे. लोहाची वा कॅल्शियमची गोळी तिच्यानंतर चार तासांनी. दुसरीला शांत, हवेशीर खोली आणि पोटभर सकस अन्न हवे. ग्रंथीचा वेग कमी करणाऱ्या गोळ्या चालू असता घसा दुखून ताप आला, तर ती साधी सर्दी समजू नये. त्याच दिवशी वैद्यांना दाखवून रक्त तपासून घ्यावे.

शेवटी एक इशारा. दमा, संधिवात आदी विकारांसाठी कित्येकांना स्टेरॉईडच्या गोळ्या दिलेल्या असतात. त्या काही आठवडे घेतल्यावर अधिवृक्क ग्रंथी आपले काम थांबवून स्वस्थ बसते. अशा वेळी 'आता बरे वाटते' म्हणून गोळी एकाएकी सोडली, तर शरीर उघडे पडते. विलक्षण थकवा, उलट्या, रक्तदाब घसरणे आणि प्रसंगी मृत्यूही. ती गोळी केवळ वैद्यांच्या सल्ल्याने, पायरी पायरीने कमी करावयाची असते. उलटीमुळे गोळी पोटात ठरत नसेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावे.

श्रोतेहो, वैद्य रुग्णाला काही मिनिटे पाहतात. उरलेला सारा दिवस आणि सारी रात्र तुम्ही पाहता. एक साधी वही ठेवा. काय खाल्ले, किती टाकले, कोणते औषध केव्हा दिले, झोप कशी लागली, हे तिच्यात लिहा. मी त्या संध्याकाळी अर्धे टाकलेले ताट नोंदविले असते, तर गुरुजींवर ती रात्र आली नसती. आणि आपले माणूस एकाएकी आपल्यासारखे वागेनासे झाले, तर त्याला उत्तर देण्यापूर्वी त्याच्या कपाळावर हात ठेवून पाहा.