बाराशे पानं आणि एक ओळ

निवेदकांनी माझी ओळख ‘संगणकतज्ज्ञ’ अशी करून दिली. तसं काही नाही. आमच्या वाचनालयातले जुने दिवाळी अंक मी स्कॅन करतो आणि त्या चित्रांचे प्रकार बदलत बसतो, एवढंच.

प्रकार बदलायचे कशाला? ए-फोर आकाराचं रंगीत पान 300 डीपीआयला स्कॅन केलं की 2480 गुणिले 3508 ठिपके होतात. दर ठिपक्याला लाल, हिरवा, निळा मिळून तीन बाइट. म्हणजे टिफमध्ये जसंच्या तसं ठेवलेलं एकेक पान 26 एमबीचं, आणि बाराशे पानं 31 जीबीची. हे वाचकाला पाठवायचं कसं? मग त्याचं जेपेग करायचं.

जेपेग हे 1992चं प्रमाण. ते चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतं आणि डोळ्याला सहसा कळणार नाहीत असे बारकावे टाकून देतं. आभाळात, चेहऱ्यात हे खपून जातं. छापील अक्षरांत मात्र चोरी पकडली जाते. पान मोठं करून बघा, शिरोरेघेभोवती धुरकट कोळिष्टकं दिसतील. त्यात चित्र फार लहान केलं तर जुन्या छपाईतला फिकट अनुस्वार पुसला जातो आणि ‘वंश’चा ‘वश’ होतो. पीएनजी असं काही टाकत नाही, म्हणून अक्षरांना ते बरं. पण एकदा जेपेग झालेल्या पानाचं पीएनजी केलंत तर फाईल फुगेल, गेलेला अनुस्वार यायचा नाही.

आणखी एक गंमत. परीक्षेचा अर्ज भरताना मुलं फाईलच्या नावातलं शेपूट बदलतात, पीएनजीचं जेपीजी, आणि समजतात की झालं रूपांतर. ती फाईल नोटपॅडमध्ये उघडा. पहिलं चिन्ह सोडलं की पुढची तीन अक्षरं पी, एन, जी हीच असतात. पाटी बदलून दुकानातला माल बदलत नाही.

आता घाऊक कामाकडे येतो. इरफानव्ह्यू उघडून बी हे अक्षर दाबलं की शेकडो चित्रं एकदम बदलायची खिडकी येते. घरच्या कामाला ते पुरेसं आहे. मी वापरतो ते इमेजमॅजिक. जॉन क्रिस्टी यांनी ड्यूपाँट कंपनीत असताना 1987मध्ये ते लिहायला घेतलं. त्यात खिडकी नाही, बटण नाही. एक ओळ टंकायची आणि एंटर मारायचं.

त्या ओळीनंच माझा घात केला. इमेजमॅजिकमध्ये मॉग्रिफाय नावाची आज्ञा आहे. नवा प्रकार सांगितलात तर ती नव्या फाईली करते. नाही सांगितलात तर मूळ फाईलवरच लिहिते. मला मोबाइलसाठी 800 ठिपके रुंदीची पानं हवी होती. रुंदी टंकली, प्रकार टंकायचा राहिला. चहा पिऊन आलो तर बाराशेच्या बाराशे टिफ लहान झालेल्या. विचारणा नाही, कुरकुर नाही. हातानं एकेक पान करत बसलो असतो तर दुसऱ्याच पानाला चूक ध्यानात आली असती.

तेव्हापासून मूळ फाईली मी वेगळ्या डिस्कवर ठेवतो, आधी पाच पानांच्या नकलेवर ओळ चालवून बघतो, आणि तयार माल दुसऱ्याच फोल्डरात उतरवतो.

बाकीचे अंक आम्ही तीन आठवडे खपून पुन्हा स्कॅन केले. दोन अंक मात्र उसने आणलेले होते आणि तोवर परत गेले होते. पुढं ते मालकांच्या घरातून रद्दीत गेले. त्यांची आमच्याकडची पानं आजही 800 ठिपक्यांचीच आहेत. दोन्हींची नावं आणि सालं सभागृहाच्या दाराशी कागदावर लिहून लावली आहेत. जाताना वाचा, आणि घरच्या माळ्यावर असतील तर मला दोन दिवस द्या.