चाकावरून कुंचल्याकडे

अर्धं आयुष्य चाकावर मडकी घडवून आता कुंचला धरावासा वाटतोय? मग सावंतवाडीचा राजवाडा गाठा. तिथली गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते, १९७० च्या दशकात विस्मरणात चालली होती. तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी, ऐन संसारात असताना, वृद्ध पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली. केवढी मोठी गोष्ट! कापडाला चिंचोक्याची खळ आणि खडू लावायचा, घोटून गुळगुळीत करायचं, रंगवायचं, वर लाखेचा लेप. दशावतारी संचात अवतार १०, प्रत्येकाचे पत्ते १२. एकूण १२० चित्रं. गोलाईला सरावलेल्या हातानं इथूनच सुरुवात करावी, असं मला मनापासून वाटतं. राजवाड्यात कारागीर पत्ते रंगवताना बघायलाही मिळतात.