दुखणं अंगावर काढू नका
(शताब्दी सोहळ्यातील भाषण)

 

शंभर वर्षांत आपल्या दिंडीनं पाऊस पाहिला, दुष्काळ पाहिला, तशा साथीही पाहिल्या. साथीत माणूस औषधपाण्याला कुठं जातो आणि उशीर का करतो, यावर आज आम्ही दोन शब्द बोलणार आहोत.

जुन्या काळी वारीत मोठं भय पटकीचं. ज्या पाण्यात धुणं, तेच प्यायचं. धडधाकट माणूस जुलाब-उलट्यांनी एका दिवसात आटून जायचा. अंगातलं पाणी आणि मीठ जातं, म्हणून माणूस जातो. ते परत भरलं की बहुतेक जण वाचतात. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, सपाट भरलेला. हे घोट घोट पाजत राहायचं आणि दवाखान्याची वाट धरायची.

पण माणूस दवाखान्याची वाट धरत का नाही? १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ होती, तेव्हा सोल्जर घरात शिरून झडती घेत, रोग्याला उचलून नेत. लोक रोगी लपवू लागले. त्याच साथीत सावित्रीबाई फुले मात्र आजाऱ्यांना डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात पोचवत होत्या. मुंढव्याचं एक आजारी पोर त्यांनी पाठीवर घालून आणलं. त्यांनाही लागण झाली, आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. भीतीनं माणूस लपतो. विश्वासाचं कुणी सोबत असलं, की तो उपचाराला येतो.

२०२० साली कोरोनात आपल्या खोपटात वेगळं काय झालं? ताप आला की आधी घरचा काढा, मग मेडिकलमधून गोळी, मग ओळखीचा डॉक्टर, आणि दम लागल्यावर बेडसाठी धावाधाव. कारण एकच, ‘लोक काय म्हणतील? सगळ्या चाळीला उचलून नेतील.’ काढ्याला आमची ना नाही, पण काढा घेऊन डॉक्टरचा दिवस पुढं ढकलू नये.

वारीत आणखी एक भय असतं. ‘ताप सांगितला तर मला मागं ठेवतील, वारी चुकेल.’ माउलींनो, २०२० ला खुद्द संतांच्या पादुका दशमीला एसटीनं पंढरीला गेल्या. तेव्हा वारी मोडली का? मग आजारी वारकरी गाडीत बसला, दवाखान्यात थांबला, तर त्याची वारी कशी मोडेल? उलट दुखणं लपवून तो राहुटीत झोपला, तर शेजारच्या दहा जणांची वारी त्याच्यामुळं मोडेल.

म्हणून पुढच्या शंभर वर्षांसाठी एवढं ठरवू. जुलाब लागले तर त्याच घटकेला विणेकऱ्यांना सांगायचं. ताप दोन दिवसांवर गेला तर डॉक्टर. दम लागला, शुद्ध हरपली, लघवी थांबली तर वेळ न घालवता १०८ ला फोन. गुडघाभर पावसाच्या पाण्यातून चालून ताप आला, तर लेप्टोची शंका डॉक्टरांना बोलून दाखवायची. आणि आजाऱ्याला कुणी ‘तुझ्यामुळं झालं’ म्हणायचं नाही. त्याच्यासोबत दवाखान्यात एक जण बसेल, आणि त्या दोघांच्या वाटचा हरिपाठ दिंडी म्हणेल.

पुंडलिक वरदा हारि विठ्ठल!