महाविद्यालयाची मोरी कोठे जाते?

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



मंडळाने मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, ती मी शिरसावंद्य मानतो. आपल्या ज्ञातीतील अनेक कुटुंबांची उपजीविका महाविद्यालये व विद्यापीठे यांतील नोकरीवर चालते. कोणी प्राध्यापक आहेत, कोणी लेखनिक, कोणी प्रयोगशाळेत, तर कोणी वसतिगृहात. या सर्वांशी संबंध असलेला विषय मी आज निवडला आहे. पर्यावरणाचे शिक्षण विद्यार्थ्यांप्रमाणेच तेथील सेवकवर्गासही मिळाले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

श्री. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. पुढे २००३ च्या आदेशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पदवीच्या सर्व शाखांसाठी आला. त्यात ५० तास नेमलेले होते. ७५ गुण लेखी परीक्षेस व २५ क्षेत्रकार्यास. योजना उत्तम होती. परंतु शिकविणाऱ्याची तयारी कोणी करावयाची? पुष्कळ ठिकाणी ज्याचा तास रिकामा, त्याच्या गळ्यात हा विषय पडला. मी त्यांपैकीच एक.

एके दिवशी मी नदीच्या प्रदूषणावर मोठ्या आवेशाने व्याख्यान दिले. तास संपल्यावर प्रयोगशाळेतील मामा दाराशी थांबले होते. ते म्हणाले, "सर, रागावू नका, पण आपली मोरी कोठे जाते हो?" मी निरुत्तर झालो. रसायनाच्या प्रयोगातील डायक्रोमेटचे नारिंगी पाणी मामा कित्येक वर्षे त्याच मोरीत ओतीत होते. त्यातील क्रोमियम विषारी असते, हे मला ठाऊक होते. मामांना कोणी कधी सांगितलेच नव्हते. दोष मामांचा नव्हे, माझा होता.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही ते पाणी निराळ्या बरणीत साठवू लागलो. आम्लयुक्त द्रावणात हिराकस घातला की नारिंगी रंग हिरवा होतो. मग चुन्याने साका खाली बसतो. तो साका घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावयाचा. मामा ही रीत एका दुपारी शिकले आणि पुढे नव्या प्राध्यापकांना तेच शिकवू लागले!

१९९० साली फ्रान्समधील ताल्वार येथे विद्यापीठांच्या प्रमुखांनी दहा कलमांचे एक घोषणापत्र केले. त्याचे चौथे कलम प्राध्यापकांच्या तयारीविषयी आहे व पाचवे संस्थेच्या स्वतःच्या व्यवहाराविषयी. या दोन कलमांची सांगड घातल्यावाचून केवळ पुस्तकी पाठाने काही साधत नाही. ७५ वॉटचा पंखा रात्रभर तेरा-चौदा तास फिरला की एक युनिट वीज जाते. शंभर खोल्यांतील शंभर पंख्यांचा हिशेब शिपायाला एकदा समजावून द्या. बटण बंद करण्यास त्याला सूचनाफलक लागणार नाही. पालापाचोळा जाळणाऱ्या माळ्याला खताचा खड्डा दाखवा. कार्यालयातील लेखनिकाला पाठकोऱ्या कागदाचा उपयोग सांगा. मात्र सांगताना त्यांचेही ऐका. मोरीचा प्रश्न प्राध्यापकाने नव्हे, मामांनी विचारला होता.

आपणांस माझी एवढीच विनंती आहे : जे बांधव व भगिनी शिक्षणसंस्थांत आहेत, त्यांनी आपापल्या ठिकाणी हा प्रश्न विचारावा. आणि आरंभ आपल्या मंडळाच्या वसतिगृहापासून करावा. तेथील मोरी कोठे जाते, हे आपणांपैकी किती जणांस ठाऊक आहे?