पाटीवरचा उजेड

माझ्या परिचयाच्या एका घरांत मध्यंतरीं एक लहानसा वाद झाला. नातवाला नववीच्या अभ्यासासाठीं टॅब्लेट घ्यावयाचा होता. आजोबांचें म्हणणें असें कीं, जुनीं जाड पुस्तकें आतां आपल्या हातीं धरवत नाहींत, तेव्हां तीं त्याच यंत्रावर वाचतां आलीं पाहिजेत. सूनबाईंना रात्रीं कामें आटोपल्यावर एखादा चित्रपट पाहावयाचा होता. पैसे एकाच यंत्रापुरते होते. तिघांनीं तीन दुकानें पालथीं घातलीं आणि तिघेही निरनिराळीं नांवें घेऊन परत आले : एल.सी.डी., ओलेड आणि ई-इंक. मग तिघांनीं मिळून मला विचारलें, यांतील चांगलें कोणतें?

पदार्थविज्ञान शिकविण्यांत माझा बराच काळ गेला असल्यामुळें असले प्रश्न माझ्याकडे येतात. पण या प्रश्नाचें उत्तर मला एका वाक्यांत देतां आलें नाहीं. तें आज, श्रोतेहो, तुमच्यापुढें थोडें सविस्तर ठेवतों. टॅब्लेट या इंग्रजी शब्दाचा एक जुना अर्थ पाटी असाच आहे, म्हणून यापुढें मी तिला पाटीच म्हणेन. तिचा वेग, तिची स्मरणशक्ति, तिची किंमत हें सारें बाजूस ठेवूं. डोळ्यांचा संबंध पडद्याशीं, आणि पडद्यापडद्यांतील खरा भेद एकाच गोष्टींत आहे. त्याला उजेड मागून मिळतो, आंतून मिळतो, कीं समोरून?

मागून उजेड घेणारा तो एल.सी.डी., म्हणजे द्रवस्फटिकाचा पडदा. त्याची जन्मकथा मनोरंजक आहे. १८८८ सालीं प्राग येथें फ्रीड्रिख रायनिट्झर हे वनस्पतिशास्त्रज्ञ कोलेस्टेरॉलचें एक संयुग तापवीत असतां त्यांना असें आढळलें कीं, हा पदार्थ दोनदां वितळतो. १४५.५ अंश सेंटिग्रेडला त्याचा गढूळ द्रव झाला आणि १७८.५ अंशांवर तो गढूळपणा नाहींसा होऊन द्रव स्वच्छ झाला. मधल्या अवस्थेंत तो वाहतो द्रवासारखा, पण प्रकाशाशीं वागतो स्फटिकासारखा. ऑटो लेमान या जर्मन पदार्थवैज्ञानिकांनीं त्याचा पुढें अभ्यास केला आणि द्रवस्फटिक हें स्वतःशींच भांडणारें नांव रूढ झालें. यानंतर सुमारें ऐंशीं वर्षें ही वस्तु प्रयोगशाळेंतील एक नवल म्हणूनच राहिली. १९६८ सालीं अमेरिकेंत आर.सी.ए. कंपनीच्या जॉर्ज हाइलमायर यांनीं तिच्यापासून बनविलेले पडदे जगापुढें ठेवले. १९७० च्या सुमारास स्वित्झर्लंडांत बाझेल येथें शाट आणि हेल्फ्रिख यांनीं रेणूंना पीळ देण्याची युक्ति काढली. आणि इंग्लंडांत हल येथें जॉर्ज ग्रे यांनीं खोलीच्या तपमानांत टिकून राहणारे रेणू तयार केले.

ही पिळाची युक्ति अशी. उभ्या गजांच्या खिडकींतून प्रकाशाचें फक्त उभें कंपन पार होतें असें समजा, आणि तिच्यापुढें आडव्या गजांची दुसरी खिडकी ठेवा. पलीकडे कांहींच जाणार नाहीं. आतां दोहोंच्या मध्यें द्रवस्फटिकाचा पातळ थर भरला, तर त्याचे पिळलेले रेणू त्या उभ्या कंपनाला वळवून आडवें करतात आणि उजेड पार होतो. विजेचा दाब दिला कीं रेणू सरळ होतात, पीळ मोडतो, झडप बंद पडते. अशा लाखों झडपा, प्रत्येकीपुढें तांबडी, हिरवी किंवा निळी गाळणी, आणि सर्वांच्या मागें सतत जळणारा एक पांढरा दिवा. हा झाला एल.सी.डी. तो मागचा दिवा बहुधा निळ्या एल.ई.डी.चा असून त्यावर पिवळा प्रकाश देणारा लेप असतो. या निळ्या दिव्याबद्दलच आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. घरांत ध्रुवित कांचांचा उन्हाळी चष्मा असेल, तर तो घालून पाटी हळूहळू फिरवून पाहा. बऱ्याच पाट्या एका कोनांत काळ्या ठिक्कर पडतात. गजांची तिसरी खिडकी तुम्हींच नाकावर ठेवलेली असते !

या पिळाच्या पडद्याचा एक दोष जुन्या लोकांस आठवत असेल. बाजूनें पाहिलें कीं रंग उलटेपालटे होत. त्यावर जे उपाय निघाले त्यांपैकीं एकाचा संबंध आपल्या देशाशीं आहे. बंगलोरच्या रामन संशोधनसंस्थेंत शिवरामकृष्ण चंद्रशेखर, म्हणजे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे भाचे, यांनीं सहकाऱ्यांसह १९७७ सालीं असें दाखविलें कीं, काडीसारख्या रेणूंप्रमाणेंच चकतीसारख्या रेणूंचेही द्रवस्फटिक होतात. पुढें जपानांत याच जातीच्या रेणूंचा पातळ पापुद्रा करून पडद्यावर बसविण्यांत आला आणि बाजूनें पाहण्याची सोय पुष्कळ वाढली. दुसरा उपाय हिताची कंपनीनें १९९६ सालीं बाजारांत आणला. त्यांत रेणू उभे न राहतां पडद्याच्या पातळींतच वळतात. आज जाहिरातींत आय.पी.एस. हीं अक्षरें दिसतात तीं याच रचनेचीं.

परंतु झडपांचा पडदा तो झडपांचाच. मागच्या दिव्याचा शेंकडा दहा भागांहूनही कमी उजेड शेवटीं आपल्यापर्यंत पोहोंचतो. बाकीचा गज आणि गाळण्या गिळून टाकतात. उलट झडप मिटली तरी फटींतून थोडा उजेड झिरपतोच. आय.पी.एस. पडद्याचा पांढरा त्याच्या काळ्याच्या सुमारें हजार ते पंधराशें पटच उजळ असतो. म्हणून अंधाऱ्या खोलींत त्याचा काळा रंग करडा दिसतो. मागच्या दिव्याचे तुकडे करून ते हवे तेथें मंद करावेत, हा त्यावरचा उपाय. ॲपल कंपनीनें २०२१ सालीं मोठ्या आयपॅड प्रोमध्यें दहा हजारांवर इवले दिवे अडीच हजारांहून अधिक गटांत बसविले. उपाय चांगला आहे. पण काळ्या पार्श्वभूमीवर पांढरें अक्षर आलें कीं त्याच्या भोंवतीं धुक्यांतल्या दिव्यासारखें एक वलय दिसतें.

आंतून उजेड देणारा पडदा तो ओलेड. १९८७ सालीं अमेरिकेंत कोडॅक कंपनीच्या चिंग टांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनीं असें दाखविलें कीं, सेंद्रिय पदार्थांचे अत्यंत पातळ थर दोन विद्युदग्रांमध्यें धरले, तर थोड्याशा दाबानेंही ते चांगला प्रकाश देतात. येथें मागें दिवा नाहीं, झडप नाहीं; प्रत्येक बिंदूच दिवा. काळें हवें तर तो बिंदु विझवावयाचा. त्यामुळें काळा अगदीं काळा आणि पाटी पातळ. दुकानांतील मांडणीवर काळ्या आकाशांतील आतषबाजी किंवा अंधारांतला मोर दाखवितात तो याचसाठीं. पाहणारा भुलतो, आणि भुलावें असेंच तें दृश्य असतें.

पण दुकानदार पुस्तकाचें पान कां दाखवीत नाहीं? पुस्तकाचें पान म्हणजे बहुतांशीं पांढरा आणि थोडासा काळा. ओलेडचा सारा गुण काळ्यांत. पांढऱ्या पानावर त्याला जवळजवळ सगळे दिवे लावून बसावें लागतें, आणि वीजही त्या वेळींच अधिक जाते. शिवाय हे सेंद्रिय दिवे झिजतात, त्यांतही निळा सर्वांत लौकर. एकच चित्र एकाच जागीं वर्षानुवर्षें राहिलें, तर त्याचा पुसट छाप कायमचा उमटूं शकतो. २०२४ च्या आयपॅड प्रोमध्यें दोन प्रकाशथर एकावर एक रचून प्रत्येकावरचा भार हलका करण्यांत आला. पण ती पाटी महाग. आणखी एक गोष्ट जाहिरातींत नसते. बऱ्याच ओलेड पाट्या मंद करावयाच्या म्हणजे प्रत्यक्षांत दिवे फार जलद उघडझांप करतात, कित्येकदां सेकंदाला २४० वेळां. बहुतेकांना तें जाणवत नाहीं. कांहींचें डोकें मात्र दुखतें. स्वस्त एल.सी.डी.चा मागचा दिवाही कधीं कधीं हीच लबाडी करतो. परीक्षा सोपी आहे. पाटी मंद करून तिच्या पांढऱ्या पडद्यापुढें पेन्सिल जोरानें हलवावी. सलग धूसर पट्टा दिसला तर ठीक. सुट्या सुट्या अनेक पेन्सिली दिसल्या तर दिवा लुकलुकतो आहे.

राहिला समोरून उजेड घेणारा. अमेरिकेंतील एम.आय.टी. या संस्थेंत जोसेफ जेकबसन आणि त्यांचे विद्यार्थी यांच्या कामांतून १९९७ सालीं ई-इंक कंपनी निघाली. सोनीचा वाचक २००४ सालीं आणि ॲमेझॉनचें किंडल २००७ सालीं आलें. केंसाच्या जाडीएवढ्या कोशांत पांढरे व काळे कण विरुद्ध विद्युद्भारांचे असतात. दाब बदलला कीं कोणते तरी वर येतात आणि वीज तोडली तरी तेथेंच बसून राहतात. म्हणजे पान उलटतांना काय ती वीज लागते. हा खरोखरच कागदाचा भाऊबंद. पण चुलतभाऊ ! चांगला कागद आपणांवर पडलेल्या उजेडाचे शेंकडा ऐंशीं भाग परत देतो. हा चाळीसच्या आसपास. म्हणून दिवाणखान्यांत तो वर्तमानपत्रासारखा करडा दिसतो, आणि २०१२ पासून त्यालाही कडेनें दिवे बसवूं लागले. रंगीत करावा तर गाळण्या आणखी उजेड खातात. चलच्चित्र तर सोडूनच द्या.

आतां थोडें गणित. पडद्याची दीप्ति निट या मापानें मोजतात. एक निट म्हणजे चौरस मीटर पृष्ठभागांतून साधारण एका मेणबत्तीइतकी प्रभा. टेबलावर ३०० लक्स उजेड असेल तर पांढरा कागद सुमारें ७५ निट उजळतो. पाट्या ४०० ते ५०० निट देऊं शकतात. म्हणजे रात्रीं अभ्यासाला बसलेला मुलगा पूर्ण उजेडावर पाटी ठेवतो, तेव्हां कागदाच्या सहापट उजळ पानाकडे तो तासन् तास पाहत असतो. याउलट ओसरीवर २००० लक्स उजेड आला कीं कागद ५०० निटांवर जातो आणि पाटीची बरोबरी होते. भर उन्हांत एक लक्ष लक्स असतात. तेथें कागद पंचवीस हजार निट, ई-इंक बारा हजारांवर, आणि बिचारी पाटी आपल्या पांचशेंवर. अंगणांत बसून वाचणाराला तेथें ई-इंकशिवाय गति नाहीं.

निळ्या प्रकाशानें डोळे जळतात अशी एक भीति पसरली आहे. पाटीच्या उजेडानें डोळ्यांस इजा होते याला पुरावा नाहीं, असें अमेरिकेच्या नेत्रवैद्यकांच्या अकादमीचें मत आहे. डोळे शिणतात याचें एक मोठें कारण, वाचतांना आपण पापण्या मिटावयास विसरतों. तें तिन्ही पडद्यांस सारखेंच लागू.

मराठी वाचकानें मात्र एक आंकडा जरूर पाहावा : एका इंचांत किती बिंदु. चाळीस सेंटिमीटरांवरून निरोगी दृष्टीला इंचांत सुमारें २२० बिंदु सुटे दिसेनासे होतात. दहा इंची स्वस्त पाट्यांत १२८० गुणिले ८०० बिंदु असतात, म्हणजे इंचाला जेमतेम १५०. रोमन लिपी एवढ्यावर निभावते. आपल्या लिपींत रफार आहे, रुकार आहे, अनुस्वाराचें टिंब आहे, 'द्ध' आणि 'ध्द' यांचा झगडा आहे. एवढ्या जाड बिंदूंत ते एकमेकांत मिसळतात आणि मूल अक्षर न वाचतां अंदाजानें शब्द ओळखूं लागतें. २६० च्या पुढें गेलात कीं ही अडचण राहत नाहीं. त्याहून मोठे आंकडे बहुधा जाहिरातीसाठींच.

तेव्हां त्या कुटुंबाला मीं एवढेंच सुचविलें कीं, दुकानांत जातांना जोडाक्षरांनीं भरलेलें एखादें मराठी पुस्तक बरोबर न्यावें, तसलेंच पान पाटीवर उघडावयास सांगावें, आणि दुकानाच्या झगझगाटांतून पाटी दारापाशीं उजेडांत आणून दोन्ही शेजारीं धरावीं. आतषबाजी पाहूं नये. शेवटीं त्यांनीं २६४ बिंदूंची साधी आय.पी.एस. पाटी घेतली. एकट्या आजोबांसाठीं घ्यावयाची असती तर मीं ई-इंक म्हटलें असतें, आणि एकट्या सूनबाईंसाठीं ओलेड. पण नातवाला रंगीत आकृत्या, हलतीं चित्रें आणि तासन् तास न बदलणारीं पानें, सगळेंच हवें होतें.

आजोबांनीं पहिल्याच रात्रीं टेबलावरच्या दिव्याखालीं पुस्तक आणि पाटी शेजारीं ठेवून दोहोंचा पांढरा जुळेपर्यंत उजेड कमी केला, आणि नातवाला ती खूण दाखवून ठेवली. सूनबाईंची तक्रार राहिली ती चित्रपटांतल्या करड्या रात्रींची. त्यांनीं पाटीच्या मागें भिंतीकडे तोंड केलेला एक लहान दिवा लावून पाहिला. भोंवतीं थोडा उजेड असला कीं तो करडा डोळ्यांना पुष्कळच काळा वाटतो.