चिंबोरीच्या देहातला जमाखर्च
(व्याख्यानाचा गोषवारा)



सातपाटीचे नाव निघाले की पापलेट आठवते. चिंबोरीची आठवण सहसा कोणी काढीत नाही. पापलेटाचा भाव व्यापाऱ्याच्या वहीत चढतो, ओहोटीच्या चिखलात हाताने धरलेली चिंबोरी मात्र बाजाराच्या कडेला पाटीत बसते. तरीही समुद्राच्या प्रकृतीतला बदल समजून घ्यायचा, तर या उपेक्षित जिवापासूनच आरंभ करणे इष्ट ठरेल.

कोळसा व तेल जाळून माणूस जो कार्बन डाय-ऑक्साइड हवेत सोडतो, त्याचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. पाण्यात विरघळून त्याचे आम्ल बनते. औद्योगिक क्रांतीपूर्वी समुद्रपृष्ठाचा सामू, म्हणजे आम्लता दर्शविणारा अंक, सुमारे ८.२ होता, आता तो ८.१ च्या आसपास उतरला आहे. पाणी अद्याप आम्ल झालेले नाही. परंतु या मापनाची प्रत्येक पायरी दसपटीची असल्याने एवढ्याशा उतरणीतही आम्लकणांची वाढ सुमारे ३० टक्के भरते.

बाहेरच्या पाण्यात हा वायू वाढला की कल्ल्यांवाटे तो टाकणे चिंबोरीला अवघड जाते आणि तिचे रक्त आम्लतेकडे झुकते. तिच्या रक्तात प्राणवायू वाहणारे द्रव्य तांब्याचे असते. आम्लता वाढली की प्राणवायू धरण्याची त्याची शक्ती घटते. मग कल्ल्यांतील पेशी आम्लकण बाहेर लोटून आणि रक्तात बायकार्बोनेट साठवून तोल सावरतात. हे काम फुकट होत नाही. खाल्लेल्या अन्नातून मिळणारी शक्ती तेवढीच. तोल राखण्यावर ती अधिक खर्ची पडली, तर वाढीला, अंड्यांना आणि कात टाकल्यावर नवे कवच घडविण्याला ती कमी पडते.

अलास्कातील लाल किंग खेकड्यांवरील प्रयोगाचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. ७.५ सामूच्या पाण्यात ठेवलेली सारी पिल्ले सुमारे ९५ दिवसांत मेली. हा निकाल सातपाटीला जसाच्या तसा लागू करणे गैर होईल. खाडीतील चिंबोरी भरती-ओहोटीचे चढउतार सोसण्यास सरावलेली असते. परंतु तिची मादी अंडी उबविण्यासाठी खोल समुद्राकडे जाते, आणि तिच्या इवल्या डिंभांपाशी प्रौढ चिंबोरीइतकी सहनशक्ती नसते. शिवाय अरबी समुद्राच्या खोलात प्राणवायूची तीव्र टंचाई असलेला विस्तीर्ण पट्टा आहे. प्राणवायू जिथे संपतो तिथे कार्बन डाय-ऑक्साइड साचलेला असतो, आणि पावसाळ्यात हे पाणी पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागावर चढते.

तारापूरच्या कारखान्यांचे सांडपाणी हे मात्र वेगळे दुखणे आहे. दोहोंची गल्लत करू नये. त्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने कोट्यवधी रुपयांची भरपाई ठरविली आणि वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. दुखणी दोन असली तरी सोसणारा देह एकच आहे. सांडपाण्यातील सेंद्रिय घाण कुजताना प्राणवायू खाते व तोच वायू सोडते. म्हणजे जगाच्या धुरात गावाजवळच्या घाणीची भर पडते.

अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात. उत्पादकाच्या ताळेबंदात जो खर्च दिसत नाही, तो नाहीसा झालेला नसतो. दुसऱ्या कोणाच्या तरी माथी मारलेला असतो. इथे तो आधी चिंबोरीच्या कल्ल्यांवर पडतो आणि शेवटी चिखलात गुडघाभर उतरणाऱ्या बाईच्या पाटीवर. तिच्या पाटीची नोंद कोणत्याही वहीत नसेल, तर पाटी हलकी झाल्याचे सिद्ध कसे व्हावे? भरपाई मागायची ती कशाच्या आधारे?

जगाचा धूर एका गावाच्या निश्चयाने थांबणार नाही. सांडपाणी मात्र थांबविता येते, आणि त्याचा आग्रह आजच धरला पाहिजे. दुसरे काम हिशेबाचे आहे. सातपाटीला मच्छीमार सहकाराची जुनी परंपरा आहे. या संस्थांनी खाडीच्या पाण्याचा सामू व प्राणवायू ठरावीक दिवशी मोजून घ्यावा आणि त्याच वहीत बायकांनी धरलेल्या चिंबोऱ्यांची संख्या व वजन लिहावे. मोजमापाच्या शास्त्रीय साहाय्यासाठी गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. मत्स्यव्यवसाय खात्याने खर्चाचा भार उचलावा. ज्याची नोंद नाही त्याचे नुकसान झालेच नाही, असे म्हणण्याची सोय सत्तेला आणि भांडवलाला नेहमीच हवी असते. ती सोय काढून घेणे सातपाटीच्या हाती आहे.